शिंगालच्या घरांची मोजणी

इराकमधल्या याझिदी या छोट्या धर्मसमाजाच्या संरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच फौजा, बंदुका आणि अमेरिकेची विमानं यांच्याकडे वळतं. मी इराकमध्ये गेलो तो यातल्या कशासाठीही नाही. मी मोजणीवाला माणूस. पुणे जिल्ह्यात गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली तेव्हा त्या नकाशांवर काम करत होतो. ड्रोनने टिपलेल्या चित्रावर घरांच्या हद्दी आखायच्या, मग गावात जाऊन कोणतं घर कोणाचं ते सगळ्यांसमक्ष नक्की करायचं. पणजोबांपासून राहतोय, पण घराचा कागद नाही, हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर ऐकलं होतं की त्याचं नवल वाटेनासं झालं होतं. उत्तर इराकमधल्या सिंजारमध्ये याझिदींच्या घरांचे दावे नोंदवायला माणसं हवी आहेत असं कळलं तेव्हा म्हणूनच अर्ज केला. काम संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेच्या कार्यक्रमातलं, मी एका भागीदार संस्थेच्या चमूत. २०२१ संपता संपता उत्तर इराकच्या कुर्दी भागातल्या दोहूक शहरात पोहोचलो.

तिथली माणसं सिंजारला शिंगाल म्हणतात. नकाशात पाहिलं तर सीरियाच्या सीमेला लागून सपाट माळ आणि मधोमध पूर्व-पश्चिम पसरलेला, शंभरेक किलोमीटर लांबीचा एकच डोंगर. याझिदींचा सगळा इतिहास या डोंगराच्या आधाराने चालत आलाय. संकट आलं की वर चढायचं. ३ ऑगस्ट २०१४ ला आयसिसने हल्ला केला, तेव्हा रक्षणाची जबाबदारी असलेले पेशमर्गा, म्हणजे कुर्दी सैनिक, रातोरात निघून गेले होते. हजारो कुटुंबं ऑगस्टच्या उन्हात, पाण्याविना या डोंगरावर अडकली. जी चढू शकली नाहीत त्यांतले पुरुष मारले गेले, बायकामुलं पळवून गुलाम म्हणून विकली गेली. पळवलेल्यांचा आकडा सहा हजार चारशेच्या घरात आहे, आणि त्यांतल्या सुमारे २,६०० जणांचा पत्ता इतक्या वर्षांनीही नाही. ही त्यांच्या मोजदादीतली चौऱ्याहत्तरावी कत्तल. ‘फरमान’ हाच शब्द ते वापरतात. आधीची त्र्याहत्तर फरमानं ते आजी-आजोबांकडून ऐकत आलेले असतात.

हे सगळं वाचून गेलो होतो. वाचून न कळलेली गोष्ट पहिल्या आठवड्यात कळली. २०१४ च्या आधीही या लोकांच्या नावावर स्वतःचं घर नव्हतं.

१९७५ मध्ये कुर्दांचा उठाव मोडल्यावर बगदादच्या बाथ पक्षाच्या राजवटीने डोंगरातली याझिदी गावं रिकामी केली, घरं पाडली आणि माणसांना खाली माळावर आखलेल्या वसाहतींमध्ये आणून बसवलं. खानासोर, दुगुरे, दुहोला, बोरिक, गोहबल, सिनूनी, झोरावा, तेल एझेर, सिबा शेख खिदर, तेल कसाब, तेल बनात अशा या अकरा वसाहती. सरळ रेषेतले रस्ते, चौकोनी प्लॉट. राहायला जागा दिली, मालकी दिली नाही. वसाहतींना अरबी नावंही दिली : तेल कसाब झालं अल-बाथ, दुगुरे झालं हित्तीन. आमच्या नकाशात प्रत्येक ठिकाणाला दोन रकाने ठेवावे लागले, कारण सरकारी दफ्तरात एक नाव आणि माणसांच्या तोंडी दुसरं. लोकांनी त्या प्लॉटवर सिमेंटच्या विटांची घरं बांधली, मुलांची लग्नं लावली, वरचा मजला चढवला. नोंद मात्र सरकारी जमीन म्हणूनच राहिली. वारसा, विक्री, कर्ज, कशालाच कायद्याचा आधार नाही. दोन भावांत वाटणी झाली तर वहीच्या कागदावर चार साक्षीदारांच्या सह्या, बस्स.

म्हणजे आयसिसने घर पाडलं तेव्हा ते कोणाचं होतं हे सांगणारा कागदच नव्हता. घर कोणाचं ते ठरत नसेल तर भरपाई कोणाला द्यायची? इराकमध्ये २००९ चा विसाव्या क्रमांकाचा कायदा आहे. युद्धात आणि दहशतवादी कारवायांत नुकसान झालेल्यांना त्याखाली भरपाई मिळू शकते. पण घराच्या भरपाईसाठी मालकीचा पुरावा मागितला जातो. आणि समजा दुसराच कोणी सशस्त्र गट येऊन त्या घरात राहिला, तर त्याला ‘हे माझं आहे, उठ’ असं कोणत्या आधारावर म्हणायचं? मला विचाराल तर शिंगालमध्ये हिंसा पुन्हा पुन्हा परतून येण्याच्या कारणांत हे एक मोठं आहे. ज्याच्या हातात हत्यार त्याची जागा, हा तिथला नियम झाला होता, कारण त्याच्या विरोधात दाखवायला दुसरं काही नव्हतं.

काम छावण्यांमधून सुरू व्हायचं. शिंगालचे दोन लाखांच्या आसपास लोक तेव्हाही दोहूकच्या परिसरात विस्थापित होते, बरेचसे तंबूंमध्ये. शारिया, खांके, काबर्तो, एस्सियान ही नावं माझ्या रोजच्या बोलण्यात आली. आम्ही सकाळी जायचो. दुभाष्या, दोन नोंदी घेणाऱ्या मुली आणि मी. मुली दोघी याझिदी, दोघींचं बालपण अशाच छावणीत गेलेलं. नोंदीच्या खोलीत एक टेबल, टॅबलेट, कागदपत्रांचे फोटो काढायला दिवा, आणि भिंतीवर वसाहतींची उपग्रहातून घेतलेली, ऑगस्ट २०१४ च्या आधीची मोठी छायाचित्रं. पुण्यात असताना नकाशा हातात पडला की लोक क्षेत्रफळावरून भांडायचे. इथे माणसं चित्रासमोर नुसती उभी राहायची.

ड्रोन मात्र नव्हता. ज्या साधनाच्या जोरावर मला हे काम मिळालं तेच तिथे चालणार नव्हतं. शिंगालच्या आकाशात ड्रोन आला म्हणजे तुर्कस्तानचा, आणि तो आला म्हणजे काहीतरी फुटणार. तिथे तळ असलेल्या पीकेके या तुर्कस्तानविरोधी कुर्दी सशस्त्र संघटनेच्या आणि तिच्याशी जोडलेल्या याझिदी सैनिकी गटांच्या ठाण्यांवर तुर्कस्तानचे हवाई हल्ले २०१७ पासून चालू होते. ऑगस्ट २०२१ मध्ये डोंगराच्या पायथ्याचा एक दवाखाना अशाच हल्ल्यात पडला होता. ज्या मुलांना घरघर ऐकली की आई भिंतीशी ओढते, त्यांच्या डोक्यावर मोजणीसाठी यंत्र उडवणं माणुसकीला धरून नव्हतं. उपग्रहाची चित्रं, हातातला जीपीएस आणि टेप यांवरच सगळं झालं.

शारियातली एक मुलाखत मी तपशिलाने सांगतो, कारण सगळी प्रक्रिया तिच्यात दिसते. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, काळी ओढणी, बरोबर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. घर डोंगराच्या दक्षिणेकडच्या एका वसाहतीत. नवरा आणि थोरला मुलगा ३ ऑगस्टच्या सकाळी गाडी आणायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. ती दोन लहानग्यांना घेऊन डोंगर चढली. तिच्याकडे कागद म्हणून एकच वस्तू होती, रेशनकार्ड. प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी. इराकमध्ये सद्दामच्या काळापासून प्रत्येक कुटुंबाला शिधा मिळतो, त्याचं हे कार्ड, आणि त्यावर वाटप केंद्राचा पत्ता असतो. म्हणजे हे कुटुंब २०१४ च्या आधी त्या वसाहतीत राहत होतं इतकं तरी सिद्ध होतं. जून २०२१ मध्ये शारियात आग लागून शेकडो तंबू जळाले होते. अनेकांची अशी कार्डं, वीजबिलं, साक्षीदारांच्या सह्यांचे कागद त्यात गेले. हिचं वाचलं, कारण ती पिशवी उशाखाली ठेवत असे.

‘दाये, घर दाखवा,’ दुभाष्या म्हणाला. तिकडे आईला अशीच हाक मारतात, आणि आपल्यासारखीच परक्या मोठ्या बाईलाही.

तिला दाखवता येईना. कोणीच आपलं घर वरून पाहिलेलं नसतं. पांढरे-करडे चौकोन, सगळे सारखे. तिचा चेहरा पडत चालला, तेव्हा नोंद घेणारी मुलगी उठली आणि तिने चित्रातल्या शाळेवर बोट ठेवलं. ‘तुम्ही मुलाला शाळेतून घ्यायला यायचात ना? आता त्याला घेऊन घरी चला.’ मग तिचं बोट चालायला लागलं. शाळेचं फाटक, पाण्याची टाकी, कोपऱ्यावरचं पावाचं दुकान, तिथून डावीकडे. चालता चालता ती प्रत्येक दाराशी थांबत होती. हे घर अमक्याचं, तो जर्मनीत आहे. हे दोन भावांचं, दोघेही खड्ड्यात सापडले. हे आमच्या मुलीच्या मैत्रिणीचं, तिला नेली, अजून आली नाही. आम्ही लिहीत होतो. साक्षीदारांची यादी म्हणून हे लिहिणं भागच होतं, कारण दाव्याला शेजाऱ्यांची साक्ष लागते. त्या गल्लीत साक्ष देऊ शकणारी माणसं निम्मीही उरली नव्हती. जी होती त्यांतली काही जर्मनीत, काही ऑस्ट्रेलियात, काही याच छावणीत चार रांगा पलीकडे.

मग ती एका चौकोनावर थांबली. अंगणात एक गडद ठिपका होता. ‘अंजीर,’ ती म्हणाली.

पुढचा प्रश्न दावा कोणाच्या नावे? कार्डावर कुटुंबप्रमुख नवरा. तो बेपत्ता. मृत्यूचा दाखला नाही, आणि तो मिळवायचा तर कोर्टात जाऊन त्याला मृत घोषित करून घ्यावं लागतं. तिने ते करायला साफ नकार दिला. ‘हाडं दाखवा, मग मी सही करेन.’ तिचं म्हणणं अवाजवी नव्हतं. शिंगालभोवती ऐंशीच्या वर सामूहिक कबरी सापडल्या आहेत आणि त्या उकरायचं काम मार्च २०१९ मध्ये कुठे कोचोपासून सुरू झालं. कोचो म्हणजे नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या याझिदी नादिया मुराद यांचं गाव. १५ ऑगस्ट २०१४ ला तिथल्या पुरुषांना शाळेत गोळा करून नंतर गोळ्या घातल्या होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओळख पटलेल्या १०४ जणांचे अवशेष गावात पुरले गेले. बाकीचे अजून डीएनए जुळण्याची वाट बघतात. हे वाट बघणं आपल्या देशातल्याही काही घरांनी अनुभवलंय. जून २०१४ मध्ये मोसुलमध्ये ओलीस धरलेले ३९ भारतीय कामगार, बहुतेक पंजाबचे, बादुशच्या एका टेकडीतल्या कबरीत निघाले. डीएनए जुळून ते मेल्याचं घरच्यांना कळायला मार्च २०१८ उजाडला. चार वर्षं त्या बायका ना सधवा ना विधवा होत्या. शारियातल्या या बाईला त्याहून कितीतरी जास्त वर्षं झाली होती.

फॉर्मवर आम्ही दोघांची नावं लिहिली, नवऱ्यापुढे ‘बेपत्ता’, आणि खाली मुलांची. सहदावेदार म्हणून बाईचं नाव वेगळं, स्वतंत्र ओळीत. या कामासाठी वापरलेल्या संगणक प्रणालीत हे बसत होतं. सोशल टेन्युअर डोमेन मॉडेल असं तिचं नाव. सरकारी मालमत्ता नोंदणीत मालक किंवा मालक नाही एवढंच असतं. या प्रणालीत एका जागेशी एका माणसाचं जे काही नातं असेल ते जसंच्या तसं नोंदता येतं. राहतो, वारस आहे, अर्धा वाटा आहे, भावाच्या वतीने सांभाळतो. ज्या प्रदेशात मालकी शून्य आणि वहिवाट पन्नास वर्षांची, तिथे हेच उपयोगाचं होतं.

छावणीतला दावा हा पहिला टप्पा. खरं काम जागेवर. दोहूकहून सुहेलाच्या नाक्यावरून शिंगालमध्ये शिरायचं. नाक्यामागून नाके, प्रत्येकावर वेगळा गणवेश, वेगळा झेंडा. इराकी सैन्य, हश्द नावाची सरकारमान्य निमलष्करी दलं, याझिदींचेच दोन-तीन निरनिराळे गट, आणि भिंतींवर निरनिराळ्या नेत्यांचे फोटो. परवानगीच्या पत्राच्या प्रती गठ्ठ्याने बरोबर. उत्तरेकडून डोंगर ओलांडून दक्षिणेला उतरणारा घाटरस्ता आहे, वळणावळणाचा. त्या वळणांच्या कडेला २०१४ ला सोडून दिलेल्या गाड्यांचे सांगाडे आणि उन्हाने विटलेले कपडे तसेच पडलेले होते. लहान मुलांचे कपडे ओळखू येत होते. आमच्या चमूतली माणसं तिथे गाडी थांबवत नसत.

शिंगाल शहरात सुमारे सत्तर टक्के घरं आणि ऐंशी टक्के सार्वजनिक इमारती उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं जातं. दक्षिणेकडच्या वसाहतींची अवस्था वेगळी नव्हती. सुरुंग काढणारी माणसं आधी फिरून गेलेली असायची. लाल रंग फासलेल्या दगडांच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही हा पहिल्या दिवसाचा धडा. आयसिसने दारांच्या चौकटीत, फ्रिजमध्ये, जिन्याच्या पायरीखाली स्फोटकं ठेवली होती. आमचा एक तरुण सहकारी, खानासोरचा, ढिगाऱ्यावर टेप धरताना सवयीने आधी बुटाच्या टोकाने काही चाचपत नसे. तो वाकून नुसता बघत राही. नंतर मीही तसंच करायला शिकलो.

जागेवर मुख्तार यायचा. आपल्याकडच्या पोलीस पाटलासारखा, गावाने मानलेला आणि सरकारने नेमलेला. तो, दोन शेजारी, दावेदाराच्या घरचं कोणीतरी, आणि आम्ही. हद्द चालायची. भिंत उभी असेल तर सोपं. भिंत पडली असेल तर पायाची ओळ शोधायची. पायाही उखडला असेल तर शेजारचं घर कुठून सुरू होत होतं त्यावरून मागे यायचं. त्या काळ्या ओढणीच्या बाईच्या घराचं छप्पर खाली बसलं होतं, पण तिन्ही बाजूंचा पाया स्पष्ट होता. तिचा मुलगा आला होता. सात-आठ वर्षांचा असताना निघालेला पोर, त्याला घराचं फारसं काही आठवत नव्हतं, पण अंजिराचं खोड कुठे असायला हवं ते त्याने आईकडून पाठ करून आणलं होतं. खोड जळालेलं होतं आणि बुंध्यातून फुटवा आला होता. मी मोजमापात झाडं धरत नाही, तरी टॅबलेटमधल्या फोटोत ते आलं.

शेजारी अरब गावांचा विषय निघाल्यावाचून राहत नसे. आसपासच्या गावांतले काही लोक आयसिसला जाऊन मिळाले, लुटीत सामील झाले. काहींनी याझिदी मुलींना जीव धोक्यात घालून लपवलं आणि बाहेर काढलं. दोन्ही गोष्टी एकाच मुख्ताराच्या तोंडून, एकाच चहाच्या पेल्याबरोबर ऐकल्या आहेत. पुढे एकत्र राहायचं तर कोणाची हद्द कुठे हे लिहून असणं दोघांच्याही हिताचं, असं तो मुख्तार म्हणायचा. मला ते पटतं.

मोजणी झाली की सगळे दावे जाहीर लावायचे. वसाहतीच्या नकाशाचे मोठे छापील तुकडे, प्रत्येक प्लॉटवर क्रमांक, शेजारी नावांची यादी, शाळेच्या भिंतीवर. हरकत असेल तर मुदतीत सांगा. हा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्या समाजाची नावं गेल्या काही वर्षांत फक्त मृतांच्या आणि बेपत्ता लोकांच्या याद्यांत लागत आली, त्याच्या नावांची ही यादी घरमालकांची होती. माणसं दोहूकहून गाड्या करून बघायला यायची. पांढऱ्या वेशातल्या म्हाताऱ्या बायका नातवाला नाव वाचायला लावायच्या, मग पुन्हा वाचायला लावायच्या.

हरकती यायच्याच. एका ठिकाणी दोन चुलतभावांत मधल्या भिंतीवरून वाद होता. भिंत एकाची, पण तिच्यावर दुसऱ्याने खोली टेकवलेली. वाद १९९८ पासूनचा. खोली नव्हती, भिंत नव्हती, दोघांचीही कुटुंबं तंबूत होती, आणि वाद जिवंत होता. मुख्ताराच्या अंगणात बैठक बसली. दोघे आधी एकमेकांकडे पाठ करूनच बसले. दुपार कलली तेव्हा थोरला म्हणाला, नवी भिंत दोघांच्या खर्चाने बांधू, अर्धी अर्धी. ते मी नोंदवलं आणि दोघांचे अंगठे घेतले. कामाच्या धबडग्यात त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की ही माणसं परत येण्याच्या हिशेबाने भांडत आहेत.

आक्षेप निपटले की प्रमाणपत्र. त्यावर मुख्तारापासून स्थानिक प्रशासन आणि जमिनीशी संबंधित खात्यांपर्यंतच्या सह्या. शिंगालला त्या काळात दोन प्रशासनं होती, एक शिंगालमध्ये बसणारं आणि एक दोहूकमध्ये. बगदाद आणि इराकमधलंच स्वायत्त कुर्दिस्तान यांच्या ओढाताणीतून आलेलं हे दुखणं. कोणत्या कागदावर कोणाची सही चालेल हा प्रश्न जागोजागी आडवा यायचा आणि त्यात महिने जायचे. प्रमाणपत्र हे मालकीपत्र नव्हे, वहिवाटीचा पुरावा आहे, हे आम्ही प्रत्येकाला स्पष्ट सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे आणि तरी दोन्ही हातांनी घ्यायचे.

२०२२ च्या मे महिन्यात दुगुरे आणि सिनूनीत इराकी सैन्य आणि वायबीएस हा याझिदी सशस्त्र गट यांच्यात लढाई जुंपली. उखळी तोफा, रणगाडे, वसाहतीच्या आत. दोन वर्षांपूर्वी हिंमत करून परतलेली कुटुंबं पुन्हा गाड्यांवर गाद्या बांधून दोहूकला आली, हजारोंनी. ज्या छावणीतून निघाले होते तिथे त्यांच्या तंबूच्या जागी दुसरं कोणी राहत होतं. आमच्या नोंदीतल्या एका गृहस्थांचा वाटेतून फोन आला. मुलं बरोबर आहेत, कागद बरोबर आहे, बाकी राहिलं म्हणाले. मुलांपाठोपाठ त्यांनी कागदाचं नाव घेतलं, यावर आमच्या कार्यालयात बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

कागदाने तोफगोळा थांबत नाही, हे त्या आठवड्याने दाखवलं. म्हणून या कामातल्या माणसाने फक्त नकाशांबद्दल बोलून भागत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये बगदाद आणि एर्बिल, म्हणजे कुर्दिस्तानचं सरकार, यांच्यात संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने शिंगाल करार झाला. एकच प्रशासन, बाहेरच्या सशस्त्र गटांनी निघून जायचं, आणि स्थानिकांमधून २,५०० जणांचं सुरक्षा दल उभारायचं, हे त्यातले मुख्य मुद्दे. करार करताना याझिदींना पुरेसं विचारलं नाही ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण स्थानिक दलाच्या कलमावर मी ज्यांच्याशी बोललो त्यांचं दुमत नव्हतं. २०१४ च्या त्या पहाटे बाहेरून आलेले रक्षक निघून गेले. गावातलीच मुलं गणवेशात असती तर ती कुठे गेली असती? सिबा शेख खिदरच्या पुरुषांनी जवळ होत्या त्या हलक्या बंदुकांनी पहाटेपर्यंत आयसिसला रोखून धरलं आणि तेवढ्या वेळात हजारोंना डोंगर गाठता आला, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. करारातलं ते दल कागदावरच रेंगाळत राहिलं, आणि मला त्याचा संताप आहे.

मधल्या काळात सुट्टीवर पुण्यात आलो की एक प्रश्न हमखास यायचा. मोबाइलवर मोराचं आणि दिव्यांचं चित्र पुढे करून लोक विचारायचे, हे मुळात आपलेच ना? लालिश या त्यांच्या मुख्य तीर्थस्थानी मी गेलो आहे. दर संध्याकाळी तिथे वाती पेटवतात, उंबऱ्यावर पाय न देता आत जातात, आणि ताऊसी मेलेक या मयूररूपी देवदूताला मानतात. मोर आणि समई बघून मराठी माणसाला आपलेपणा वाटतो, मलाही वाटला. पण त्यांचा धर्म त्यांचा आहे, त्यांच्या डोंगराचा, त्यांच्या भाषेत सांगितला जाणारा. ते दुसऱ्या कोणाचे तरी निघावेत म्हणजे मग त्यांच्याबद्दल वाईट वाटून घेऊ, ही अट मला सहन होत नाही. आयसिसने त्यांना सैतानपूजक ठरवलं आणि तेवढ्यावर मारलं. त्यांना ते जे आहेत तेच राहू देणं हाच या सगळ्या कामाचा हेतू आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये इराकच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की शिंगालच्या त्या अकरा वसाहतींमधल्या याझिदींना जमिनीची मालकी द्यायची. १९७५ पासून जे नाकारलं होतं ते ४७ वर्षांनी मान्य झालं, आणि त्यासाठी आधार काय तर आम्ही आणि आमच्या आधीच्या चमूंनी शाळेच्या भिंतींवर लावलेल्या याद्या. बातमी आली तेव्हा नोंद घेणाऱ्या दोघी मुली छावणीतच होत्या. त्यांनी टेबलावर चढून रांगेतल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवली. लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की यात बेपत्ता माणसाच्या बायकोचं काय?

त्या प्रश्नासाठी माझ्या कराराचे उरलेले महिने गेले. निर्णय झाला म्हणजे आपोआप मालकी होत नाही. पालिकेच्या आणि महसुलाच्या दफ्तरातली जमीन वर्ग करायची, प्रत्येक प्लॉटची फाइल, प्रत्येक फाइलला ओळखपत्रं. ज्यांचं नागरिकत्वाचं कार्डच डोंगरावर हरवलं त्यांनी आधी ते काढायचं, त्यासाठी दुसऱ्या गावच्या कार्यालयात खेटे. त्यात बाईचं स्वतंत्र नाव मालकीपत्रात उतरेपर्यंत आम्ही दोन-तीन महिला वकिलांबरोबर एकेक फाइल धरून बसायचो. मुलगे मोठे झालेत, त्यांच्याच नावे करा, सोपं पडेल, असं सुचवणारे भेटत होते. शारियातल्या बाईला मी हे विचारलं. ती म्हणाली, मुलगा जर्मनीला जाईल म्हणतो. घर माझ्या नावे राहू दे, तो परत आला तर दार उघडायला कोणीतरी हवं ना.

२०२४ च्या जानेवारीत बगदादने छावण्या ३० जुलैपर्यंत बंद करण्याचं जाहीर केलं. परतणाऱ्या कुटुंबाला चाळीस लाख दिनार. एवढ्यात एक खोलीही नीट उभी राहत नाही. काही गेले. त्यांना ताडपत्री पडक्या घरावर ओढून राहावं लागलं. मुदत पुढे टळली, छावण्या पूर्ण रिकाम्या झाल्या नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समाजमाध्यमांवर याझिदींविरुद्ध विखारी प्रचार उसळला आणि दहा वर्षं तंबूत काढलेली माणसं रातोरात छावण्या सोडून शिंगालच्या रस्त्याला लागली. पाणी नाही, वीज नाही, तरी तिकडे. खानासोरच्या माझ्या त्या सहकाऱ्याने तेव्हा फोनवर सांगितलं की त्याच्या गल्लीत एका रात्रीत सहा घरांत दिवे लागले, आणि सगळे आपापल्याच प्लॉटवर उतरले, भांडण एकही नाही.

तो आता तिथेच राहतो. दोन खोल्या उभ्या केल्यात, तिसरीचा पाया घातलाय. शारियातल्या बाईच्या नावाचं प्रमाणपत्र झालं, नवऱ्याचं नाव ‘बेपत्ता’ म्हणून तसंच ठेवून. त्याची प्रत जोडून तिने घराच्या भरपाईचा अर्ज केला. अर्ज मंजूर झाल्याचा कागद तिच्याकडे आहे, पैसे आलेले नाहीत. बोअरिंगला किती खोल जावं लागेल याची चौकशी तिने खानासोरच्या मुलाकडे केली होती, तो पुढच्या आठवड्यात जाऊन बघणार आहे.